बर्थाबाईंचा प्रवास

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात बाडेन नावाचा एक निसर्गसुंदर प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात ते एक संस्थान होते. या प्रदेशात, काळे अरण्य म्हणून प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ रानाच्या उत्तर कडेला, फोर्झहाइम हे गाव वसले आहे. सोन्याचे दागिने घडविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून त्याची ख्याती दूरवर पसरली होती. याच गावी ३ मे १८४९ रोजी कार्ल फ्रीडरिख रिंगर यांच्या घरी एका कन्येचा जन्म झाला. तिचे नाव बर्था.

रिंगर हे सुतारकामातून पुढे आलेले व घरबांधणीच्या व्यवसायात चांगला पैसा मिळविलेले गृहस्थ होते. घरातील बायबलच्या पानावर मुलांच्या जन्माची नोंद करून ठेवण्याची त्या काळी रीत होती. बर्थाच्या जन्माची नोंद करताना, या खेपेसही दुर्दैवाने मुलगीच झाली, अशा अर्थाचे शब्द वडिलांनी लिहिले होते. पुढे ती नोंद बर्थाच्या वाचनात आली व तिच्या मनाला फार लागली, असे सांगतात. मुलगी म्हणून जन्मास येणे हा काही अपराध नव्हे. परंतु त्या वेळच्या समाजात मुलीचे पाऊल घराच्या उंबरठ्यापलीकडे फारसे पडत नसे. बाडेनमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना १९०० साली उघडली. तेव्हा बर्थाचे वय पन्नाशीपलीकडे गेले होते.

सन १८६९ च्या जून महिन्यात गावातील काही मंडळी जवळच्या माउलब्रोन येथील जुना मठ पाहण्यासाठी सहलीस निघाली. त्यांत वीस वर्षांची बर्था आपल्या आईबरोबर होती. त्याच सहलीत तिची कार्ल बेंझ या तरुण यंत्रज्ञाशी ओळख झाली. कार्लचे वडील आगगाडीचे एंजिन चालवीत असत. कार्ल अवघा दोन वर्षांचा असताना ते वारले. आईने मोठ्या कष्टाने त्याचे शिक्षण केले. या तरुणाजवळ पैसा नव्हता, मानमरातब नव्हता. परंतु त्याच्या डोक्यात एक विलक्षण कल्पना घोळत होती. घोडे न जुंपता, रुळांवाचून, स्वतःच्या बळावर रस्त्याने धावणारी गाडी त्याला तयार करावयाची होती. बर्थाने त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले. इतरांना जो वेडेपणा वाटे, तो तिला वेडेपणा वाटला नाही. लवकरच दोघांचा विवाह ठरला.

कार्लने १८७१ साली मॅनहाइम या शहरात एका भागीदाराच्या साहाय्याने लहानशी कार्यशाळा काढली. पण हा भागीदार भरवशाचा निघाला नाही. कार्यशाळा बंद पडण्याची वेळ आली. बर्थाला विवाहप्रसंगी वडिलांकडून काही रक्कम मिळावयाची होती. ती तिने विवाहापूर्वीच मागून घेतली आणि त्या पैशाने भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कार्यशाळा कार्लच्या स्वाधीन केली. संसार सुरू होण्याआधीच संसाराची शिदोरी तिने एका न बनलेल्या गाडीवर लावली. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला.

पुढची दहा वर्षे मोठ्या ओढग्रस्तीची गेली. ऑयगेन व रिखार्ड हे दोन मुलगे आणि क्लारा व टिल्डे या दोन मुली यांनी घर भरले. परंतु पैशाची पेटी मात्र बहुधा रिकामीच असे. धनकोंचा तगादा चुकत नसे. अशाही स्थितीत कार्लने एक नवे एंजिन तयार करण्याचा ध्यास घेतला. ते काही केल्या नीट चालेना. सन १८७९ चा अखेरचा दिवस उजाडला. रात्रीचे जेवण झाल्यावर, पुन्हा एकदा कार्यशाळेत जाऊन यत्न करून पाहावा, असे बर्थाबाईंनी पतीस सुचविले. दोघे कार्यशाळेत गेली. एंजिनाचे चक्र फिरविले आणि काय आश्चर्य! एंजिन एका लयीत चालू लागले. बाहेर नववर्षाच्या स्वागताच्या घंटा वाजू लागल्या, तेव्हा आत ते दोघे त्या यंत्राचा आवाज ऐकत उभे होते.

यानंतर दिवस हळूहळू पालटले. १८८३ साली नव्या भागीदारांसह बेंझ कंपनी स्थापन झाली. आता कार्लला आपल्या आवडत्या कल्पनेकडे वळता आले. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या गाडीला तीन चाके होती. आसनामागे एकच नळकांडे असलेले एंजिन बसविले होते व त्याची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती. ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने ही गाडी धावू शके. पेटंटवर नाव एकट्या कार्लचे लागले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती असे. त्यामुळे बर्थाबाईंचा पैसा व त्यांचे श्रम यांची नोंद त्या कागदावर कोठेही झाली नाही.

गाडी तयार झाली, तिच्यात सुधारणा झाल्या, दुसरे व तिसरे नमुने बनले. परंतु गिऱ्हाईक फिरकेना. आवाज करीत, धूर सोडीत जाणाऱ्या त्या वाहनाकडे लोक कुतूहलाने पाहत, काही हसत, काही घाबरत. विकत घेण्यास मात्र कोणीच पुढे येत नसे. कार्ल बेंझ हे अत्यंत चोखंदळ होते. गाडी अजून निर्दोष झालेली नाही, असे त्यांना सदैव वाटे. शहराच्या आसपास थोडे अंतर चालवून पाहण्यापलीकडे त्यांनी तिची परीक्षा घेतली नव्हती. बर्थाबाईंनी मात्र एक गोष्ट ओळखली. कार्यशाळेत उभ्या असलेल्या गाडीचे गुणही कळत नाहीत आणि दोषही कळत नाहीत. ते कळावयाचे तर गाडी दूरच्या रस्त्यावर, चढउतारावर, उन्हाधुळीत नेली पाहिजे. पतीला विचारले तर तो नको म्हणेल, हेही त्या जाणून होत्या.

सन १८८८ चा ऑगस्ट महिना होता. शाळांना सुटी लागली होती. एके दिवशी भल्या पहाटे, कार्ल झोपेत असताना, बर्थाबाई उठल्या. पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिखार्ड यांना त्यांनी बरोबर घेतले. आपण माहेरी फोर्झहाइमला जात आहोत, एवढे कळविणारी चिठ्ठी मागे ठेवली. आवाजाने कोणाची झोप मोडू नये म्हणून तिघांनी गाडी काही अंतर ढकलत नेली. मग तिचे जड चक्र हाताने फिरवून एंजिन चालू केले आणि गाडी रस्त्याला लागली.

मॅनहाइमपासून फोर्झहाइम त्यांच्या वाटेने सुमारे १०६ किलोमीटर दूर होते. एवढा लांबचा प्रवास पेट्रोलसारख्या इंधनावर चालणाऱ्या मोटारीने तोपर्यंत कोणीही केला नव्हता. रस्ते बैलगाड्या व घोडागाड्यांसाठी केलेले होते. वाटेत इंधन विकणारे दुकान नव्हते, दुरुस्ती करणारा कारागीर नव्हता. काही बिघडले तर ते तिघांनाच दुरुस्त करावे लागणार होते. बर्थाबाईंचा भरवसा होता तो एकाच गोष्टीवर. गेली सोळा वर्षे त्या यंत्राच्या सहवासात राहिल्या होत्या व त्याचा प्रत्येक भाग कोणते काम करतो, हे त्यांना ठाऊक होते.

हायडेलबर्ग शहर मागे पडले आणि अडचणींना प्रारंभ झाला. एंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी भरलेले असे, ते वाफ होऊन उडून जाई. त्यामुळे विहीर दिसली की पाणी भर, ओढा दिसला की पाणी भर, असा क्रम सुरू झाला. इंधनही संपत आले. वीसलोख या गावी बर्थाबाई एका औषधांच्या दुकानात गेल्या. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी लिग्रोइन नावाचा एक द्रव तेथे विकत मिळे. तोच या गाडीचे इंधन होता. त्यांनी तो मागितला, तेव्हा औषधविक्याला नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही. ते दुकान आज जगातील पहिले पेट्रोल भरण्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते.

पुढे इंधनाची बारीक नळी कचऱ्याने बुजली. बर्थाबाईंनी टोपीत खोचलेली लांब टाचणी काढली व तिने नळी मोकळी केली. एका तारेवरचे आवरण घासून गेल्यामुळे ठिणगी भलतीकडे जाऊ लागली. त्यांनी आपला पायमोजा बांधण्याचा पट्टा सोडला व तो तारेभोवती गुंडाळला. चाके फिरविणारी साखळी सैल पडली, तेव्हा ब्रुखझाल गावच्या लोहाराने ती ठाकठीक करून दिली. चढाची वाट लागली की गाडीचा दम सुटे. मग एकाने सुकाणू धरावे आणि दोघांनी मागून ढकलावे. घामाने व धुळीने माखलेली ती आई आणि तिची दोन मुले पाहून वाटेवरच्या लोकांना काय वाटले असेल!

या साऱ्या अडचणी प्रवास थांबविणाऱ्या होत्या. नळी बुजली, गाडी थांबली. साखळी सैल झाली, गाडी थांबली. थांबलेल्या गाडीपासून कोणालाही धोका नसतो. परंतु या प्रवासात आणखी एक अडचण आली. ती गाडी थांबविणारी नव्हती. उलट गाडी थांबू न देणारी होती.

मॅनहाइमच्या आसपासचा मुलूख सपाट आहे. तेथे गाडीचा वेग आवरण्याची फारशी पाळी येत नसे. फोर्झहाइमच्या बाजूला मात्र टेकड्या आहेत, आणि प्रत्येक चढामागे एक उतार असतो. उतारावर गाडी आपल्याच वजनाने धावू लागते. तिला आवरण्यासाठी या गाडीत लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक बसविलेले होते. हाताने तरफ ओढली की ठोकळा फिरणाऱ्या भागावर दाबला जाई व घर्षणाने गाडीचा वेग मंदावे.

गती म्हणजे काही दिव्याची ज्योत नव्हे, की फुंकर घातली आणि नाहीशी झाली. गतीमध्ये शक्ती साठलेली असते व ती कोठे तरी जावी लागते. हिवाळ्यात तळहातांवर तळहात घासले असता ते गरम होतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. ब्रेकमध्ये नेमके हेच घडते. गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते, आणि ही उष्णता व हे घर्षण ब्रेकला सोसावे लागते. लाकूड पुनःपुन्हा असे घासले गेले की ते झिजते, तापते, करपते व त्याची पकड कमी होते. बर्थाबाईंच्या गाडीचे तेच झाले. उतारामागून उतार उतरताना लाकडी ठोकळे झिजले आणि तरफ ओढूनही गाडी पुरेशी आवरेना.

ही वेळ कसोटीची होती. गाडीला छप्पर नव्हते, बाजूला आधार नव्हता. उंच आसनावर आईशेजारी दोन मुले बसलेली होती. पुढचे चाक एकच होते. वळणावर गाडी उलटली असती, तर तिघांच्या जिवावर बेतले असते. शिवाय पहिल्याच मोठ्या प्रवासात असा अपघात झाला असता, तर या वाहनाची निंदा करणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले असते. सोळा वर्षांचे कष्ट व पणाला लावलेले धन त्या एका उतारावर मातीमोल झाले असते. चढावर गाडी ढकलता येते. उतारावर ती ओढून धरता येत नाही.

आता काय करावे? नवे लाकडी ठोकळे बसवावेत, तर तेही पुढच्या उतारांवर तसेच झिजणार. बर्थाबाईंनी दुसरा विचार केला. ठोकळा झिजतो तो त्याच्या वरच्या थराने. मग झिजण्यासाठी एक वेगळाच थर त्यावर बसविला तर? तो पकड घेणारा असावा, लाकडाइतका लवकर निकामी न होणारा असावा आणि झिजला तर सहज काढून टाकून दुसरा लावता येईल असा असावा. अशी वस्तू प्रत्येक गावात मिळत होती. माणसे ती पायांखाली वापरीत होती. जोड्याचा तळ झिजला म्हणून कोणी जोडा टाकून देत नाही. मोच्याकडे जाऊन नवा तळ मारून घेतो.

फोर्झहाइमजवळच्या बाउश्लोट या गावी बर्थाबाई एका मोच्याकडे गेल्या. ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून बसविण्यास त्यांनी त्याला सांगितले. त्या कारागिराने जोड्याला तळ मारावा तसे चामडे खिळ्यांनी ठोकून दिले. काम लहानसेच होते. आपल्या हातून कोणत्या गोष्टीचा आरंभ होत आहे, याची कल्पना त्या मोच्याला असण्याचे कारण नव्हते. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. चामड्याने पकड घेतली आणि उतार धोक्याचे राहिले नाहीत.

सायंकाळी अंधार पडता पडता गाडी फोर्झहाइमला पोहोचली. बर्थाबाईंनी लागलीच पतीला तार करून आपण सुखरूप पोहोचल्याचे कळविले. गाव ही नवलाई पाहण्यास लोटला. आप्तांच्या भेटीगाठी झाल्या. काही दिवसांनी तिघे वेगळ्या वाटेने मॅनहाइमला परतले. परतीचा मार्ग सुमारे ९० किलोमीटरांचा होता. म्हणजे जाऊनयेऊन त्यांनी जवळजवळ २०० किलोमीटर प्रवास केला होता.

बर्थाबाई नुसत्या प्रवासाच्या गोष्टी घेऊन परतल्या नाहीत. गाडीत कोठे काय उणे आहे, हे त्यांनी पतीला एकेक करून सांगितले. चढ चढण्यासाठी गाडीला आणखी एक मंद गतीचा गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्लने मान्य केली. ब्रेकला चामड्याचे अस्तर हवे, हेही पटण्यास वेळ लागला नाही. जी परीक्षा कार्यशाळेत वर्षानुवर्षे झाली नसती, ती एका प्रवासात झाली होती. दोष लपवून ठेवले असते, तर प्रवासाची कीर्ती कदाचित अधिक झाली असती. पण गाडी होती तशीच राहिली असती.

या प्रवासाची वार्ता सर्वत्र पसरली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात म्यूनिक येथे यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले. पुढील दहाबारा वर्षांत बेंझ कंपनीची गणना जगातील सर्वांत मोठ्या मोटार कारखान्यांत होऊ लागली. १८९९ या एकाच वर्षी तिने ५७२ वाहने तयार केली. एकेकाळी ज्या कार्यशाळेवर बंद पडण्याची पाळी आली होती, तिचेच हे फळ होते.

गाड्यांचा वेग वाढला, वजन वाढले, तसे चामड्याचे अस्तर अपुरे पडू लागले. वेगाने धावणारी जड गाडी थांबविताना इतकी उष्णता निर्माण होई, की चामडे जळून जाई. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ साली ब्रेकसाठी अधिक टिकाऊ अस्तर तयार करण्याचा उद्योग आरंभिला. पुढे अस्बेस्टॉस या न जळणाऱ्या खनिज तंतूंची अस्तरे आली व अनेक वर्षे वापरात राहिली. या तंतूंची धूळ फुप्फुसांना घातक असते, असे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी अस्बेस्टॉसवर बंदी घातली आणि त्याच्या जागी धातूंचे कण, राळ व इतर तंतू यांच्या मिश्रणाची अस्तरे आली. आता बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांजवळ धातूची एक तबकडी फिरत असते व तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्यांना ब्रेक पॅड म्हणतात. सामग्री बदलली, आकार बदलला; पण बाउश्लोटच्या मोच्याने ठोकलेल्या चामड्याचे जे काम होते, तेच काम या पट्ट्या करतात. स्वतः झिजून त्या गाडीला आवरतात.

नव्या पट्टीवरील अस्तर सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाड असते. ते झिजत झिजत ३ मिलिमीटरांच्या आसपास आले, की पट्टी बदलावी लागते. अनेक पट्ट्यांना धातूची एक लहानशी जीभ लावलेली असते. अस्तर फार झिजले, की ती जीभ तबकडीला टेकते आणि कर्कश आवाज करून चालकाला सावध करते. तिकडे दुर्लक्ष केले, तर अस्तर पार संपून धातूवर धातू घासू लागतो. मग स्वस्तातली पट्टी वाचविण्याच्या नादात महागडी तबकडी खराब होते, आणि त्याहूनही वाईट म्हणजे ऐन वेळी गाडी थांबत नाही.

जपानमध्ये काही वर्षे वापरलेल्या हजारो मोटारी जहाजांत भरून न्यूझीलंडमध्ये व पूर्व आफ्रिकेतील देशांत विक्रीसाठी नेल्या जातात. अशी गाडी बाहेरून धुऊनपुसून चकचकीत केलेली असते. तिचा पहिला मालक कोण होता, ती डोंगरात धावली की सपाटीवर, हे नव्या मालकाला ठाऊक नसते. परंतु जाणता कारागीर चाक उतरवतो व ब्रेकच्या पट्ट्या पाहतो. अस्तर किती उरले आहे, दोन्ही बाजूंना सारखे झिजले आहे की एका बाजूला अधिक, तबकडीवर चरे पडले आहेत काय, गंज चढला आहे काय, हे तो तपासतो. गाडीचा रंग जे सांगत नाही, ते या झिजलेल्या पट्ट्या सांगतात. रंग पाहून भुलू नये, झीज पाहून पारख करावी, हा धडा बर्थाबाईंनी १८८८ साली एका उतारावर घेतला होता.

कार्ल बेंझ यांनी १९२५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. आपली नाव बुडू पाहत होती, तेव्हा एकच व्यक्ती आपल्याबरोबर नावेत राहिली व ती म्हणजे आपली पत्नी, अशा आशयाची कबुली त्यांनी त्यात मोकळेपणाने दिली आहे. ज्या पेटंटवर बर्थाबाईंचे नाव आले नव्हते, त्याची अल्पशी भरपाई या आत्मचरित्राने झाली. ४ एप्रिल १९२९ रोजी लाडेनबुर्ग येथे कार्ल बेंझ यांचे निधन झाले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे त्याच गावी राहिल्या. ज्या देशाच्या विद्यापीठांत तरुणपणी त्यांना प्रवेश मिळाला नसता, त्याच देशातील कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यापीठाने त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी त्यांना सन्माननीय पद अर्पण केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

सन २००८ मध्ये मॅनहाइम ते फोर्झहाइम व तेथून परत मॅनहाइम हा १९४ किलोमीटरांचा मार्ग बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृतपणे मान्य करण्यात आला. त्या वाटेवर त्यांच्या नावाच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्या पाट्यांजवळून दररोज असंख्य मोटारी धावतात. टेकडीचा उतार आला की चालकाचा पाय सहज ब्रेकवर जातो, अस्तराचा एक अतिसूक्ष्म थर झिजतो आणि गाडी निमूटपणे मंदावते. त्या क्षणी चालकाला बर्थाबाईंची आठवण होवो वा न होवो, तो सुखरूप खाली उतरतो.